सांगलीतलं लेझर कटिंग: मॉडेल रेल्वेच्या कारखान्यांसाठी कितपत कामाचं?

सांगली-मिरजेतली लेझर कटिंगची दुकानं उभी राहिली ती ट्रॉफी, नेमप्लेट, लग्नातल्या भेटवस्तू आणि गणपतीची मखरं यांच्या जोरावर. १:८७ मापातल्या, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान (एचओ), कारखान्याची भिंत कापणं हे त्यांचं रोजचं काम नव्हे. तरी निकाल आधीच सांगून टाकतो. आतला सांगाडा, बाहेरच्या भिंती आणि खिडक्या या तीन गोष्टींसाठी ही सेवा उत्तम आहे. छपराचा पत्रा, धुरांडं आणि गोल टाक्या यांसाठी तिच्याकडे जाऊ नये. आणि हातात येणाऱ्या कामाचा दर्जा मशीनपेक्षा तुम्ही नेलेल्या फाइलवर ठरतो. म्हणून या लेखात दुकानाइतकंच फाइलबद्दलही लिहिलं आहे.

तयार किट सोडून इकडे का वळायचं? जर्मनीच्या फॅलरची आणि अमेरिकेच्या वॉल्थर्सची प्लॅस्टिक किट चांगलीच असतात. साच्यातून निघालेल्या त्यांच्या विटेची खोली आणि टोकदारपणा लेझरला साधत नाही. इंग्लंडच्या मेटकाफची पुठ्ठ्याची किट स्वस्त आणि जुळवायला सोपी आहेत. पण मेटकाफची मोठी किट मुळात १:७६ मापाची. सात फुटी दरवाजा १:७६ मध्ये २८ मिमी होतो, १:८७ मध्ये साडेचोवीस. शेजारी मालगाडीची वाघीण उभी केली की हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे ती वास्तू आपली नाही. स्लेटची छपरं, वर सरकणाऱ्या खिडक्या, प्रत्येक कोपऱ्यावर धुरांडी. आपल्या भागातल्या जुन्या शेडकडे बघा: काळ्या दगडाचं जोतं, त्यावर वीट किंवा चुन्याचा गिलावा, लोखंडी कैच्या, पन्हळी पत्रा, लोखंडी चौकटीच्या उंच खिडक्या. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, ओगलेवाडीचा काच कारखाना १९१६ चा. किर्लोस्करवाडीला स्वतःचं स्थानक आहे आणि कऱ्हाडचं रेल्वे स्थानक तर ओगलेवाडीतच आहे. कारखाना आणि रेल्वे इतकी जवळ असलेली गावं हाताशी असताना जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधली गिरणी मांडण्यात काय अर्थ?

साखर कारखान्यापासून सुरुवात करू नका, हा माझा ठाम सल्ला. गव्हाण, मिल हाऊस, बॉयलर, चिपाडाचा ढीग, मळीच्या टाक्या हे सगळं आकर्षक आहे, पण १०० मीटर लांबीची इमारत १:८७ मध्ये ११५० मिमी होते. ती करायचीच तर लेआउटच्या (मॉडेल रेल्वेच्या मांडणीच्या) मागच्या फळीला चिकटून फक्त पुढचा दर्शनी भाग करावा. पहिल्या कामाला नॉर्थ लाइट शेड घ्या, करवतीच्या दातांसारख्या छपराची. पुढची सगळी मापं अशाच एका शेडची आहेत: प्रत्येकी ६ मीटरचे ४ दात, खोली १२ मीटर, पन्हळीपर्यंत भिंतीची उंची ४.८ मीटर, त्यावर दाताची उंची २.४ मीटर. मॉडेलमध्ये लांबी २७६ मिमी, खोली १३८, पन्हळीपर्यंत ५५ आणि टोकापर्यंत ८३ मिमी. दुकानातल्या मशीनचा ९०० बाय ६०० मिमीचा पाट या शेडच्या सगळ्या भागांना पुरतो.

मूळ इमारतीची मापं मिळवायला आत जावं लागत नाही. सार्वजनिक रस्त्यावरून समोरून काढलेला एक फोटो आणि उपग्रह नकाशावर मोजलेली लांबी पुरते. उंचीसाठी विटांचे थर मोजा. जुन्या बांधकामात सांध्यासकट एक थर साधारण ३ इंचांचा धरता येतो. गिलावा असेल तर पत्र्याचे जोड मोजा, पत्रा ८, १० किंवा १२ फुटी असतो. नकाशावर आणखी एक गोष्ट बघून ठेवा. दाताची काचेची बाजू उत्तरेकडे असते, कारण थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड हवा असतो. लेआउटवर एकाहून जास्त शेड असतील तर सगळ्यांच्या काचा एकाच दिशेला हव्यात. हे चुकलं की इमारती कितीही नीट बांधल्या तरी गाव खरं वाटत नाही.

आता दुकानाकडे वळू. तुम्हाला हवं ते सीओटू लेझर. कुपवाड एमआयडीसीत पत्रा कापायला वापरतात ते फायबर लेझर वेगळं. त्याची तरंगलांबी साधारण १.०६ मायक्रॉन, सीओटूची १०.६. लाकूड, पुठ्ठा आणि ॲक्रिलिक ही दुसरी लहर नीट शोषून घेतात, पहिली नाही. त्यामुळे एमआयडीसीत कितीही मोठं मशीन असलं तरी आपलं काम विश्रामबागेकडच्या ट्रॉफीवाल्याकडेच होणार. तिथे गेल्यावर चार गोष्टी विचारा: ट्यूब किती वॉटची, लेन्स किती इंची, हवेचा झोत चालू असतो का, आणि लेन्स शेवटची कधी पुसली. ट्यूब ६० ते १०० वॉट असली तर पुरे. लेन्स बहुतेक ठिकाणी २ इंची असते, दीड इंची मिळाली तर रेघ आणखी बारीक येते. हवेचा झोत नसेल तर एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या शीटच्या) कडा कोळशासारख्या होतात. लेन्स मळलेली असली की एका फेरीत तुकडा सुटत नाही, मग दुसरी फेरी मारतात आणि फट रुंदावते.

दुकान पारखण्याची एक सोपी खूणही आहे. सनबोर्ड लेझरवर कापून द्याल का, असं विचारा. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. जाळल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो माणसाच्या छातीला वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही. जो नाही म्हणतो त्याला आपलं मशीन कळतं. जो सहज हो म्हणतो, त्याच्या लेन्सची आणि रेल्सची अवस्था ठीक नसणार हे गृहीत धरा.

या दुकानांची जमेची बाजू म्हणजे एक तुकडासुद्धा करून देतात. पैसे मशीनच्या मिनिटांवर लावतात, मटेरियल वेगळं. मिनिटाचा दर आधी विचारून घ्या, कारण मिनिटांचा हिशेब घरीच करता येतो. ३ मिमीच्या आतलं एमडीएफ मध्यम ताकदीच्या ट्यूबवर सेकंदाला साधारण १५ मिमी वेगाने कापलं जातं. या शेडच्या सांगाड्याची, भिंतींची आणि खिडक्यांच्या भोकांची कापाची एकूण लांबी ८ ते ९ मीटर होते, म्हणजे साधारण १० मिनिटं. खरा खर्च विटांचा आहे, त्याकडे पुढे येतो.

उणी बाजू म्हणजे फाइल उघडण्याची पद्धत. जवळजवळ सगळीकडे चित्र काढायच्या कोरलड्रॉमध्ये फाइल उघडतात आणि तिथून मशीन चालवणाऱ्या आरडीवर्क्समध्ये नेतात. तुम्ही डीएक्सएफ (कॅडची रेखाचित्राची फाइल) दिली आणि आयात करताना इंच-मिलिमीटरची गल्लत झाली, तर चित्र २५.४ पट मोठं किंवा लहान होतं. असं झालं तर निदान लगेच कळतं. त्रास होतो तो पानाच्या मापात बसवण्यासाठी ऑपरेटरने चित्र हलकंसं ओढलं तर. दोन-तीन टक्क्यांचा फरक स्क्रीनवर दिसत नाही, घरी जोडताना दिसतो. उपाय असा: फाइलच्या कोपऱ्यात १०० बाय १०० मिमीचा चौकोन काढून ठेवा, आरडीवर्क्समध्ये आल्यावर त्याचं माप ऑपरेटरला तुमच्यासमोर वाचायला सांगा, आणि मगच तो चौकोन पुसा.

रेघांचे रंग ठरलेले ठेवा: हलकी कोरायची रेघ निळी, आतली भोकं हिरवी, बाहेरची कड लाल. क्रमही हाच. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा जाळीवर किंचित हलतो आणि खिडक्या तिरक्या पडतात. एकाच जागी दोन रेघा एकमेकींवर बसल्या असतील तर मशीन दोन्ही कापतं. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांची कड सामाईक असली की हे हमखास घडतं. फाइल नेण्याआधी दुबार रेघा शोधून काढा. जळालेल्या कडांच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं आणि बोल मात्र दुकानदाराला लागतो.

लेझरने जळून पडणारी फट साधारण ०.१५ मिमी धरा. ती रेघेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी जाते. त्यामुळे १० मिमी काढलेली जीभ ९.८५ होते, १० मिमी काढलेली खाच १०.१५. म्हणजे बरोबर मापाने काढलेला सांधा ०.३ मिमी सैल बसतो, आणि सैल सांध्याची शेड काटकोनात उभी राहत नाही. एमडीएफची जाडीही नावापुरतीच असते. २.५ मिमी म्हणून मिळणारं शीट व्हर्नियरने मोजा. २.६ भरलं तर खाच २.४५ काढा. खरी फट कळायला मुख्य कामाआधी ४० मिमीचा एक चाचणी तुकडा कापून घ्या. त्यात २.३० पासून २.८० पर्यंत ०.०५ च्या फरकाने ११ खाचा असू द्या आणि बाजूला १०, १२ आणि १५ टक्के ताकदीच्या कोरीव रेघा. दहा टक्क्यांखाली बऱ्याच ट्यूब धड पेटत नाहीत, म्हणून त्याहून हलकी रेघ मागू नका, वेग वाढवायला सांगा. या तुकड्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. तो करून द्यायला जे दुकान कंटाळतं तिथे पूर्ण शेड देऊ नये.

भिंत एकाच जाडीत करू नका, या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आत २.५ मिमी एमडीएफचा सांगाडा आणि बाहेर १ मिमी ग्रे बोर्डची साल, असे दोन थर ठेवा. ग्रे बोर्ड म्हणजे वह्या-पुस्तकांचे बायंडिंगवाले वापरतात तो करडा पुठ्ठा. दोन्ही मिळून साडेतीन मिमी, म्हणजे मूळ मापात साधारण एक फूट जाड भिंत, जुन्या कारखान्याला शोभणारी. फायदे तीन. सांगाड्याच्या जिभा-खाचा कोपऱ्यावर उघड्या पडत नाहीत, साल त्यांना झाकते. पुठ्ठ्यावर कोरलेली वीट एमडीएफपेक्षा कमी जळते. आणि खिडकी बसवायला आपोआप खाच मिळते: सांगाड्यातलं भोक सालीतल्या भोकापेक्षा चारही बाजूंनी १ मिमी मोठं ठेवा, खिडकीची चौकट सालीच्या मागे चिकटवा. ती बाहेरच्या पृष्ठभागापासून १ मिमी आत बसते. मूळ मापात ८७ मिमी, म्हणजे जवळजवळ साडेतीन इंच. भिंतीवर ऊन पडल्यावर खिडकीच्या कडेला जी सावली हवी असते ती याच एका मिलिमीटरमुळे पडते.

तिसरा थर अर्ध्या खांबांचा. भिंतीला बाहेरून चिकटलेले हे खांब साधारण १२ फुटांवर, म्हणजे ४२ मिमीवर येतात. इमारत पाटापेक्षा लांब असेल तर सालीचा जोड नेमका खांबाखाली घ्या, कुणाला दिसणार नाही. कोपऱ्यावर मात्र एका भिंतीची साल १ मिमी लांब ठेवून दुसरीच्या कडेवर चढवा आणि विटांचे थर दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर येतात ना, हे फाइलमध्येच तपासा. कोपऱ्यावर थर अर्ध्या विटेने चुकले तर रंगाने ते झाकता येत नाही.

आता विटा. सांध्यासकट २३० बाय ७५ मिमीची (साधारण ९ बाय ३ इंच) वीट १:८७ मध्ये २.६४ बाय ०.८६ मिमी. दर्शनी भिंतीत पन्हळीपर्यंत ६४ थर, प्रत्येकात १०४ विटा. आडव्या रेघांची एकूण लांबी १७.७ मीटर, सेकंदाला २०० मिमी वेगाने दीड मिनिटात कोरून होतात. उभे सांधे मात्र साडेसहा हजारांवर. प्रत्येक सांध्याला डोकं थांबतं, वळतं, पुन्हा निघतं. एका सांध्याला सेकंदाचा दहावा भाग धरला तरी ११ मिनिटं, आणि ही एकच भिंत झाली. म्हणजे इमारत कापायला जेवढा वेळ, त्याहून जास्त एका भिंतीच्या उभ्या सांध्यांना. काही दुकानं हे टाळायला फोटो कोरतात तसं ओळीओळीने कोरण्याचा पर्याय सुचवतात. तो घेऊ नका. वेळ वाचत नाही, सांध्यांची जाडी कमीजास्त होते आणि पृष्ठभाग धुरकटतो.

यावर आपल्या इमारतींनीच उत्तर देऊन ठेवलं आहे. जुन्या शेडवर सलग उघडी वीट क्वचितच दिसते, गिलावा असतो आणि तो जागोजागी निघालेला असतो. सालीचा दोन तृतीयांश भाग कोरा ठेवा, वीट फक्त जोत्याच्या वर, पन्हळीच्या नळाशेजारी आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत कोरून घ्या, जिथे पाणी मुरतं आणि गिलावा पडतो. मशीनचा वेळ तिसऱ्या हिश्शावर येतो आणि इमारत जास्त खरी दिसते. कोऱ्या भागावर पातळ केलेली पुट्टी ब्रशने लावून विटेच्या तुकड्याच्या कडेला हलकी जाड सोडली की गिलाव्याची फुटकी कड तयार होते. जोतं ७ ते १० मिमी उंच घ्या. त्याचे दगड एका मापाचे काढू नका, थर सारखे पण लांबी कमीजास्त. रंग काळा नको, निळसर झाक असलेला गडद करडा. दगडांमधल्या दरजा त्याहून फिक्या.

कोरलेले सांधे जळल्यामुळे काळे येतात आणि खऱ्या भिंतीत सांधा विटेपेक्षा फिका असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी फ्रेंच पॉलिशचा पातळ हात, मग ऑटो पेंटच्या दुकानात मिळणारा करडा प्रायमर स्प्रे, मग विटेचा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने, सांध्यात उतरू न देता. वाळल्यावर कोरडी पांढरी पुट्टी बोटाने सांध्यांत घोळवायची, वरची पुसून काढायची आणि मॅट वॉर्निशने बसवायची. वॉर्निश मारल्यावर पुट्टी थोडी काळवंडते, म्हणून आधी ती डोळ्याला जरा जास्त पांढरी वाटली पाहिजे.

खिडक्यांसाठी एमडीएफ अजिबात नको, गज जळून तुटतात. ३०० जीएसएमचा आयव्हरी कार्ड घ्या, कापण्याआधी दोन्ही बाजूंनी फ्रेंच पॉलिश लावून दाबाखाली वाळवा. पॉलिशमुळे कागदाला कडकपणा येतो आणि कडेला केस सुटत नाहीत. गज ०.६ मिमी रुंद काढा, फट जाऊन ०.४५ राहतो. मूळ मापात तो ३९ मिमी होतो, खऱ्या लोखंडी पट्टीपेक्षा जाड, पण यापेक्षा बारीक मागाल तर दर चार खिडक्यांत एक तुटेल. खिडक्या एकेक कापून घेण्याऐवजी चौकटीला दोन बारीक दांड्या ठेवून पूर्ण ताव एकत्र कापा, नाहीतर हवेच्या झोताने त्या जाळीतून खाली पडतात आणि जळतात. काचेला ओएचपी शीट. ती फेवीक्विकने चिकटवू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी साय धरते. फेवीकॉलचे बारीक ठिपके पुरतात. उत्तरेकडच्या काचांना तर कार्डही नको. गजांच्या रेघा ओएचपी शीटवर लेझर प्रिंटरने छापून घ्या, छपराच्या उंचीवर कुणाला फरक कळत नाही.

सांगाडा जोडताना ४६ मिमी अंतरावर दातांच्या आकाराचे चार आडवे फर्मे येतात. एमडीएफला ओल बाधते आणि पावसाळ्यात तर ते नक्कीच वाकतं, विशेषतः रंग एकाच बाजूने लावला असेल तर. सँडिंग सीलर दोन्ही बाजूंना आणि कडांना लावूनच साल चिकटवा. साल चिकटवताना फेवीकॉल कमी आणि वर वजन जास्त. जास्त ओला गोंद पुठ्ठ्याचे पदर सोडवतो. ३०० मिमीपेक्षा लांब इमारतीला मी २ मिमी ॲक्रिलिकचा सांगाडा सुचवीन. तो महाग पडतो, पण वाकत नाही आणि दुकानात त्याची सवय असल्याने काप अगदी स्वच्छ येतो. जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, खिडक्या उघड्या ठेवून. ॲक्रिलिकच्या लेझरने कापलेल्या कडांना स्पिरिट लावू नये, बारीक तडे जातात.

छपरासाठी लेझरवाल्याचा निरोप घ्या. पुठ्ठ्यावर रेघा कोरून पन्हळी पत्रा करता येतो असं सांगतील, पण त्या नुसत्या रेघा दिसतात, लाट दिसत नाही. खऱ्या पत्र्याची लाट ३ इंचांची, १:८७ मध्ये ०.८८ मिमी. एम ५ थ्रेडेड रॉडचा आटा ०.८ मिमी. गणपती पेठेतल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात हा रॉड मिळतो. पार्सलच्या जेवणाचे ॲल्युमिनियमचे डबे असतात, त्यांचा सपाट तळ कापून घ्या, घरातली फॉइल फार पातळ. खाली जुना माउसपॅड ठेवा आणि रॉड जोराने दाबून एकदाच फिरवा. आटे तिरके असल्याने लाटाही रॉडच्या वाटेपासून साधारण ३ अंश कलतात. म्हणून आधी दाबायचं, मग लाटांच्या दिशेने कापायचं. सिमेंटच्या पत्र्याची लाट मोठी, १४६ मिमी. त्याला एम १२ रॉड, १.७५ मिमीचा आटा. एन मापात, १:१६० ला, साध्या पत्र्यासाठी एम ३ चा ०.५ मिमी आटा जवळ जातो.

काचेची बाजू थोडी कलती ठेवून आणि पन्हळीची जागा सोडून या शेडचा उतार साधारण ६५ मिमी लांब भरतो. १० फुटी पत्रा ३५ मिमी, म्हणजे उतारावर दोन ओळी, दीड-दोन मिमीचा चढाव आणि पुढे थोडी वळचण. पत्र्याची रुंदी ९.२ मिमी, एक लाट चढावात गेली की ८.४ उरते. १३८ मिमीला १७ पत्रे. दोन ओळी आणि चार दात मिळून १३६, वाया जाणारे धरून १५० कापा. एकेक पत्रा वेगळा चिकटवण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि तरीही मोठा सलग ताव लावू नये. जोडांच्या रेषा आणि काही पत्र्यांचा वेगळा रंग यांवरच छप्पर जिवंत दिसतं. ॲल्युमिनियमवर मेटल प्रायमर न लावता ॲक्रिलिक रंग मारला तर तो नखाने सोलून निघतो. गंज सगळीकडे शिंपडू नका. खिळ्यांच्या ओळी पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या वाशांवर) येतात, म्हणजे साधारण १५ मिमीवर, गंज तिथून खाली ओघळतो. दोन दातांमधली पन्हळ ५ मिमी रुंद ठेवा आणि प्रत्येक पन्हळीला दीड मिमी तारेचा एक नळ द्या. तो राहिला तर जाणकाराला पहिल्यांदा तेच दिसतं.

धुरांडं अष्टकोनी असेल तर त्याच्या आठ निमुळत्या पट्ट्या लेझरवर कापून मिळतात, पण लेझर सरळ खाली कापतं, कड तिरकी करत नाही. प्रत्येक कड साडेबावीस अंशांनी हाताने घासावी लागते. गोल धुरांडं लेथवरच्या लाकूडकामवाल्याकडून करून घेणं सोपं.

इमारत रुळाशेजारी बसवताना मापांची गल्लत होते, म्हणून एवढं लिहून ठेवतो. एचओचे रूळ १६.५ मिमीचे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, तो १:८७ मध्ये १९.३ मिमी हवा. म्हणजे रूळ मुळातच अरुंद आहेत आणि इमारतीची मापं रुळावरून काढली तर सगळी शेड लहान होते. मापं नेहमी १:८७ नेच काढा. बार्शी लाइट या जुन्या रेल्वेचा ७६२ मिमीचा नॅरोगेज मात्र नशीबवान, ८.८ मिमी भरतो आणि ९ मिमीच्या रुळांवर अचूक बसतो. मिरज जंक्शनावर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो तिन्ही गेज होते, ते मांडणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. मालधक्क्याची उंची रुळापासून १०६५ मिमी, मॉडेलमध्ये १२ मिमी. रुळाच्या मध्यापासून धक्क्याची कड सरळ मार्गावर २२ मिमी ठेवा. वळणावर सगळ्यात लांब डबा हाताने ढकलून पाहून मगच धक्का चिकटवा.

दुकानात जाण्याची वेळही निवडून ठेवा. गणपतीच्या आधीचे तीन-चार आठवडे मशीन मखरांनी भरलेलं असतं, फेब्रुवारी ते एप्रिल कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्यांनी. त्या दिवसांत काम मिळतं, पण चाचणी तुकड्याला कुणाला सवड नसते. दिवाळीनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ बरा, आणि आठवड्यातली सकाळ. फाइल पेन ड्राइव्हवर डीएक्सएफ आणि कोरलड्रॉची जुन्या आवृत्तीतली सीडीआर अशा दोन्ही रूपांत न्या. एमडीएफचं शीट स्वतः निवडून सपाट असलेलं घ्या. दर्शनी बाजूला कागदी मास्किंग टेप लावून मिळते, ती मागून घ्या, पण विटा कोरायच्या सालीवर लावू नका. बारीक तुकड्यांत अडकलेली टेप काढताना पुठ्ठ्याचा पदर निघतो. प्रत्येक तुकड्याच्या मागे कोरायला जागा नसते, तेव्हा तुकडे जाळीवरून उचलण्याआधीच पेन्सिलीने नंबर टाका. ऑपरेटर ते सगळे एका पिशवीत भरून देतो आणि चार दातांचे चार फर्मे दिसायला अगदी सारखे असतात.